मागच्या सीटची शिवण

ज्या माणसाला साधी सायकल कधी सरळ चालवता आली नाही, तो सत्तरी उलटल्यावर मोटार घ्यायला निघाला म्हटल्यावर गल्लीला आठवडाभर दुसरा विषय लागला नाही. "काका, आम्हाला फिरवून आणणार ना?" असं कुणी विचारलं की दाभणकाका म्हणत, "आणीन की, तुम्ही ढकला फक्त."

उंच, हडकुळी अंगकाठी आणि शर्टाच्या कॉलरला कायम खोचलेलं दाभण, म्हणून हे नाव. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या सीटा शिवल्या. आता दुकान बंद झालं होतं, पण दाभण कॉलरवरून उतरलं नव्हतं.

घरात सून तेवढी हसली नाही. भाजी चिरता चिरता तिनं विचारलं, "बाबा, चालवणार कोण?"

"चालवायची कुठे आहे?"

"मग काय करणार तिचं?"

"मागे बसणार."

सुनेनं विळीवरून मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. सासऱ्यांचं बोलणं कुठे येऊन थांबतं, ते तिला आता कळायला लागलं होतं.

गाडी एका डॉक्टरांची. गोल नाकाची, करड्या रंगाची, ऐटबाज. डॉक्टर गेल्यापासून एका गोदामात झाकून ठेवलेली. त्यांच्या मुलीनं ती विकायला काढल्याचं काकांच्या कानावर आलं आणि त्यांना तेव्हापासून अन्न गोड लागेना.

कारण त्या गाडीची मागची सीट काकूंनी शिवली होती. एकटीनं, पहिल्यांदा आणि शेवटचं. तीस वर्षांपूर्वी या सीटेचं काम हाती असतानाच मशीनची सुई काकांच्या अंगठ्यातून आरपार गेली. पट्टी याच डॉक्टरांनी बांधली आणि हसत म्हणाले, "माझ्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलंय हो, सीटेचं काय?" काकू नुसत्या पदर खोचून दुकानात येऊन बसल्या. त्या डावऱ्या. आठ दिवस वाकून त्यांनी हातानं शिवण घातली. काकांचे टाके जिकडे कलत, त्याच्या उलट त्यांचे कलत.

तयार सीटेवर काकांनी जाता जाता नजर टाकली आणि म्हणाले, "उलटी दिसतेय. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही म्हणजे मिळवलं."

एवढंच. काकू पुढेही दुकानात यायच्या, बटणं लावायच्या, काथ्या पिंजायच्या, पण सीटेला त्यांनी पुन्हा सुई लावली नाही. काकांच्या ते ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं ते त्या गेल्यावर, त्यांच्या शिवणाच्या डब्यात डाव्या हाताच्या बोटात घालायची, सुई ढकलून झिजलेली टोपी सापडली तेव्हा. ती शिवण आपण कधी नीट पाहिलीच नाही. आता एकदा बसून, डोळे भरून पाहायची होती. बाकी गाडीचं लोखंड झालं तरी चालणार होतं.

गोदामात जाताना त्यांनी जुन्या ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घेतलं. दोघं एकाच वयाचे, एकमेकांची उणीदुणी काढतच म्हातारे झालेले.

"दाभण्या, बारा वर्षं उभी आहे ही. इंजिन गंजून धरलेलं असणार," मिस्त्री म्हणाला.

"धरू दे."

"अरे, मग मला कशाला आणलंस?"

"सोबतीला."

डॉक्टरांच्या मुलीनं ताडपत्री ओढली. धूळ उडाली, सगळेच खोकले. टायर जमिनीला चिकटून बसलेले, पुढच्या सीटा उंदरांनी पोखरलेल्या. मागची मात्र अख्खी होती. गर्द तांबडी, मळलेली, पण अख्खी. काकांनी मागचं दार उघडलं आणि गुडघे टेकून आत वाकले.

"बाबांनी ही सीट कधी बदलू दिली नाही," मुलगी दाराशी उभी राहून सांगू लागली. "पुढच्या दोनदा बदलल्या. मागचीबद्दल म्हणायचे, ती तशीच राहू दे. मी लग्नाहून याच सीटेवर बसून निघाले. रडत होते, तर बाबा आरशातून म्हणाले, बघ, टाके मोज, रडू थांबेल."

"मोजलेस?" काकांनी विचारलं.

"मोजले की. सासरच्या दाराशी पोहोचेपर्यंत दोनशे झाले होते."

काका ऐकत होते आणि त्यांचा हात आपलं काम करत होता. जुनी सीट समोर आली की आधी उजव्या टोकाला खिशातलं पातं घालायचं, वीतभर शिवण उसवायची आणि आतला काथ्या ओला आहे का ते बघायचं. चाळीस वर्षांत हजार वेळा केलेलं. ते करायला डोकं लागत नाही. काकांच्या शिवणीची शेवटची गाठ डाव्या टोकाला असायची, त्यामुळे वीतभर सुटलं की दोरा अडे.

काकूंची गाठ उजव्या टोकाला होती. ती पात्याखाली तुटली. मग बोटांनी सवयीनं दोरा ओढला आणि तो न अडता सरसर आला, या दारापासून त्या दारापर्यंत.

हातात दोऱ्याचा गुंता आला तेव्हा काकांनी खाली पाहिलं.

"काय झालं?" मिस्त्रीनं बॉनेटमागून विचारलं.

मिस्त्री येऊन वाकला, उसवलेली सीट पाहिली, दोरा पाहिला. तो त्या आठ दिवसांत दुकानावर चहाला यायचा, त्याला सगळं ठाऊक होतं. नेहमीचा टोमणा त्याच्या ओठावर आला नाही. "चल, बाहेर ये," एवढंच म्हणाला.

मुलगी गोंधळली. "काका, खराब निघाली का? नको असेल तर राहू द्या."

"नाही बाळ. काथ्या कोरडा आहे," काका म्हणाले. "घेतो मी."

गाडी दुसऱ्याच्या गाडीला बांधून घरी आली आणि अंगणात भिंतीला लागून उभी राहिली. गल्लीनं चार दिवस हसून घेतलं.

एका दुपारी सून चहा घेऊन गेली तर काका मागच्या सीटेवर, डाव्या हातात दाभण धरून बसलेले. त्याच भोकांतून तोच दोरा ओवत होते. सातआठ टाके झाले होते, लहान मुलाच्या अक्षरासारखे. बोटाला रक्त आलेलं.

"बाबा, उजव्यानं घाला ना."

"उजव्यानं घातले तर माझे होतील."

त्यांनी टाके पुन्हा काढले. दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळून खिशात ठेवला.

"रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही," ते म्हणाले. "आयुष्यभर या गोष्टीला शिव्या घातल्या मी. एक टाका चुकला की सगळं कापड फुकट."

सून दुसऱ्या दारानं आत येऊन बसली. चहा निवत राहिला. काकांनी सीटेच्या काठावर बोट ठेवलं आणि एकेक भोक चाचपत निघाले, डावीकडून उजवीकडे, काकू ज्या बाजूनं शिवत गेल्या त्याच बाजूनं.

"सुरेख घातली होती गं," ते म्हणाले. "सांगायचं राहिलं."