दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवर

पहिल्या वर्षी दिवाळीला औरंगाबादचं आमचं हॉस्टेल रिकामं होऊ लागलं. दुष्काळामुळं आई आणि आबा घराला कुलूप लावून, मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात निघाले होते. फोनवर मी विचारलं, "आबा, कुठं येऊ?"

"आज लासूरकडं हाय, उद्याचं नाय सांगता येत. तू तिथंच ऱ्हा. तिथं टँकर तरी येतोय."

रेक्टर सरांना खरं सांगायला जीभ रेटेना. अभ्यास राहिलाय, सुट्टीत इथंच राहू द्या, एवढंच म्हणालो.

बॅगा घेऊन निघालेल्या पोरांना सर म्हणाले, "शिका काही याच्याकडून."

"लई हुशार झाला गड्या," एकजण म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. मला आईकडं जायचं होतं, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही.