धर्माजीबुवांसाठी वेगळा खण

माझी धाकटी जाऊ निर्मला माहेरची आळेफाट्याची. वडिलांचं गॅरेज. तिथं भिंतीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगानं काढलेला आणि त्या आकारावर तोच पाना टांगलेला. अशा घरातली पोर आमच्या अवसरी खुर्दला आली आणि आल्या आल्या माझे मसाल्याचे डबे तिनं नव्यानं लावले. मला राग आला होता. पण तेव्हापासून हिंग शोधायची वेळ आली नाही, हेही खरं.

ती कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते आणि आमच्या भजनी मंडळाचा फलक सांभाळते. फलक इंटरनेटवरचा. एकानं विषय काढायचा, बाकीच्यांनी त्याखाली लिहायचं, सोबत भजनाचं रेकॉर्डिंग जोडायचं. मोबाईल बदलला की भजनं जातात, म्हणून ही सोय. आमच्याकडे खोली घेऊन शिकलेल्या गोरखनं ती फुकटच्या सॉफ्टवेअरवर करून दिली आणि तो नोकरीला पुण्याला गेला.

आमच्या मंडळाचे धर्माजीबुवा वारले, तेव्हा फलकावर पहिला विषय निघाला, ‘धर्माजीबुवांना श्रद्धांजली’. ज्याच्याकडे बुवांचा आवाज होता त्यानं तो तिथं चढवला. प्रत्येक रेकॉर्डिंगखाली लोकांनी आठवणी लिहिल्या. एकानं लिहिलं, ‘लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना बुवा म्हणायचे, दम लागला तर नुसता टाळ वाजवा, गिरिजात्मज बाकीचं समजून घेतो.’ बुवांच्या मागं त्यांच्या पत्नी साळुबाई एकट्या. त्यांना वाचता येत नाही. दुकान बंद झालं की निर्मला त्यांच्या ओट्यावर बसायची, एकेक भजन लावायची, खालचं वाचून दाखवायची.

पण लोकांनी पुढं दुसरा विषय काढलाच नाही. वेगळा विषय काढणं म्हणजे भावकीत वेगळी चूल मांडल्यासारखं. त्यामुळे हरिपाठ, पाळणे, हळदीची गाणी, सगळं श्रद्धांजलीतच. मंडळातल्या भागूनं तर भाच्याच्या हळदीची गाणी तिथं टाकून वर लिहिलं, ‘सर्वांनी आनंदात सहभागी व्हावे.’

एका संध्याकाळी साळुबाई म्हणाल्या, “त्यांची भूपाळी लाव गं.”

भूपाळी सापडेना. निर्मलानं गोरखला फोन केला तेव्हा कळलं. एका विषयाला ठराविक जागा असते. ती भरली की सर्वांत जुनी फाईल आपोआप पुसली जाते आणि तिच्याखालचं लिहिलेलंही जातं. सर्वांत जुन्या फाईली बुवांच्याच. म्हणजे भागूची हळद चढली आणि बुवांची भूपाळी गेली. ती कुणाकडेच उरली नव्हती.

साळुबाईंनी विचारलं, “आता दुसरं कंचं जाणार?”

निर्मलानं फलकावर लिहिलं, कुणी काही चढवू नका. पण लोक ऐकतात होय! मग ती बुवांची एकेक फाईल उतरवून नव्या विषयात चढवू लागली. फायलींना नावं नाहीत, नुसते आकडे. एक उतरवली की पान पुन्हा पहिल्यापासून. आणि नव्या जागी फाईल दिसायची निर्मलाच्या नावावर, खाली आठवणींचा पत्ता नाही.

साळुबाईंनी ऐकलं आणि विचारलं, “त्या टाळाचं लिहिलेलं वाच की.”

“ते जुन्या जागीच राह्यलं, मावशी.”

“मग नुसता आवाज काय करू? तो माझ्या कानात हाय.”

निर्मलाचा नवरा, आमचे मच्छिंद्रभावजी, म्हणाले, “सगळं पेनड्राईव्हवर घे अन् मोकळी हो. कुठं डोकं लावतीस!”

“पेनड्राईव्हवर माणसं येऊन बोलत्यात का?” निर्मला म्हणाली.

ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचाही स्वतःचा फलक आहे. तिथं सूचना लिहायची जागा असते. निर्मलानं मराठीत लिहिलं आणि मोबाईलनं केलेलं इंग्रजी खाली जोडलं. ‘आमच्या फाईली एका विषयातून दुसऱ्या विषयात हलवायची सोय द्या. पुष्कळ फाईली एकदम निवडता याव्यात. फाईलला नाव देता यावं. हलवताना खालचं लिहिलेलं तिच्यासोबत जावं.’

उत्तर आलं, ‘एकाच विषयात एवढं कशाला ठेवलं? आधीच वेगळे विषय करायचे.’

ती चिडली. “म्हणे आधीच करायचं! लगीन झाल्यावर पत्रिका बघायला सांगतोय हा भाऊ.” पण लिहिताना तिनं सौम्य लिहिलं. ‘आमच्याकडे एका सतरंजीवर सगळे बसतात. एक माणूस गेलं, त्याचा आवाज पुसला जातोय. त्याची बायको रोज विचारते, आता कंचं जाणार.’

त्याखाली कुठल्या कुठल्या लोकांनी लिहिलं, आम्हालाही हे हवंय. शेवटी बनवणाऱ्यांपैकी एकानं लिहिलं, घेतो पुढच्या आवृत्तीत. मी देवापुढं दिवा लावताना रोज त्या न पाहिलेल्या माणसाचंही नाव घेत होते, नाव माहीत नसताना.

मधल्या काळात निर्मला भागूच्या घरी गेली. “दाजी, तुमची गाणी तुमी मोबाईलातच ठेवा. वर चढली की खालून बुवा जात्यात.”

भागू कान पकडून म्हणाला, “आधी सांगायचं न्हाई का राव!”

त्यानं बाकीच्यांनाही सांगितलं, मग श्रद्धांजलीत चढवणं खरोखर थांबलं.

नवी आवृत्ती आली. गोरखनं पुण्यातूनच ती बसवली. निर्मलानं बुवांच्या फायलींपुढं एकेक खूण केली, ‘हलवा’ दाबलं, आणि सगळ्या आपापल्या आठवणींसकट नव्या विषयात जाऊन बसल्या. तिनं प्रत्येकीला नाव दिलं. भूपाळी मात्र नाहीच.

साळुबाईंच्या ओट्यावर आम्ही दोघी गेलो. टाळाचं वाचून झालं. साळुबाई पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, “अन् ती भागूची हळद लाव.”

“मावशी, ती जुन्या विषयातच राह्यली. हा नवा बुवांचाच ठेवलाय.”

“तिच्यात ढोलकी कुणाची हाय? लई जुनं रेकॉर्डिंग हाय ते, थोरल्या भाच्याच्या हळदीतलं. भागूनं आत्ता टाकलं एवढंच.”

निर्मलानं लावलं. बायकांच्या आवाजामागं बुवांची ढोलकी. साळुबाईंची बोटं पायरीवर तिच्याबरोबर चालू लागली.

“हलवू का हिकडं?” निर्मलानं विचारलं.

“नको गं. नवरदेवाचं गाणं, त्याच्या घरचे तिथं ऐकत असतील. दोन्हीकडं राहू दे.”

तसं करता येत नव्हतं. एक फाईल एकाच विषयात राहते. निर्मलानं मोबाईल मांडीवर घेतला, बनवणाऱ्यांचा फलक उघडला आणि लिहू लागली, ‘नमस्कार. अवसरीहून परत मीच.’