जेवणाच्या वेळी तापणारं कार्ड

आमचं घराणं पवनीच्या विणकरांचं. बाबांचे गुडघे गेले तेव्हा हातमाग काढून टाकला आणि त्याच खोलीत मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलं.

माझ्या साळ्यानं चांगली नोकरी सोडून लाखनीत हायवेला लागून गेमिंग पार्लर टाकायचं काढलं. बाजारात नवीन दमदार ग्राफिक्स कार्ड आलं होतं, तेच सगळ्या मशीनींत बसवायचं होतं. नमुन्याचं एक माझ्याकडे पाठवून म्हणाला, "भाऊजी, तुम्ही हो म्हटलं तर घेतो." घ्या! म्हणजे माझा शब्द चुकला तर पोरगा बुडणार आणि बायकोच्या माहेरी मला तोंड दाखवायला जागा नाही.

इंटरनेटवरची परीक्षणं मी वाचली, पण ते लोक एसीत बसून तपासतात. आमच्याकडे दुपारचा उकाडा वेगळा, वरून राईस मिलची धूळ. म्हणून मी सकाळी घोडेस्वाराचा एक भारी गेम आपोआप पुन्हापुन्हा फिरत ठेवायचो आणि तापमानाची रेघ संध्याकाळी पाहायचो. चित्र असं झकास की काय सांगू! पण रोज एक ते दोनच्या मध्ये रेघ सरळ वर चढायची, आणि गेम अडखळायचा. वायरिंग तपासलं, पंखे तपासले, व्होल्टेज मोजलं. चार दिवस कार्डाला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी साळ्याला 'नको' म्हणायचं ठरवूनच जेवायला उठलो.

अर्ध्या जेवणातून पाण्याची बाटली घ्यायला दुकानात आलो, तर बाबा मशीनवर जाड सुती कापड पांघरून राहिले होते. चारही बाजूंनी, नीट दाबून.

"बाबा! हे काय करून राहिले तुम्ही?"

"काहून बोंबलतं? माणूस उठला का माग झाकाव लागते. धूळ बसते ना सुतावर. तू हात धुतला का काढून घेतो मी."

चार दिवस! मी डोक्याला हात लावला. "हा माग नाही बाबा, त्याले हवा लागते. तुमच्यापायी मी चांगल्या कार्डाले नापास करत होतो!"

जरा जास्तच ओरडलो. बाबांनी कापड काढलं, घडी केली, पुन्हा उलगडून नीट घडी केली. मला लाज वाटली. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि स्क्रीनसमोर बसले.

"जा, जेव. माणूस बसून असला का झाकाव नाही लागत." मी वळलो तोच मागून म्हणाले, "हा घोडेवाला त्याच रस्त्यानं कितीदा जाते रे? पोचत कायले नाही?"

त्यानंतर रेघ पुन्हा चढली नाही. मी साळ्याला फोन केला, सारं सांगितलं. तो पोट धरून हसला. "म्हणजे गोधडीतही मेलं नाही कार्ड! मग घेतोच."

"घे बिनधास्त," मी म्हटलं. असली परीक्षा दुनियेत कोणी घेतली नसेल.

दुसऱ्या दिवशी कार्ड लाखनीला गेलं. दुपारी मी जेवायला उठलो, तर बाबा येऊन बसलेच होते. समोर टेबलावर दुरुस्तीला आलेला एक बंद प्रिंटर होता, बाकी काही नाही.

"जा तू," ते म्हणाले, "मी आहो ना इथं."