गोधडीचं दुसरं टोक

गेल्या साली घट बसायच्या आधी म्या अन् माझ्या बायकोनं, सखूनं, विहिरीवर धुतलेली गोधडी पिळली. "जोर लावा की, भाकरी कुठं गेल्या?" ती हसली. सांजच्याला ती गेली. तवापासून गोधडी मळतीय. एकट्याला पिळता येत न्हाय.

समद्यांवर खेकसाया लागलो, म्हणून परवा पोरीनं धाराशिवला मनाच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. "बाबा, राग अंगात कुठं बसलाय?" बाईंनी विचारलं.

"बायको मेलीय माझी, कंबर न्हाय दुखत!"

बाईंनी ओला टॉवेल पुढं केला, एक टोक स्वतः धरलं. "पिळा. नको वाटलं की थांबा."

साबणाचा वास आला अन् समोर सखूच दिसली. मनगटं ताठली. "मला न सांगता गेलीस!" म्या वरडलो. बाईंनी टोक सोडलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडी धुतली, एक टोक लिंबाच्या झाडाला बांधलं अन् सखूला शिव्या देत पिळली.