मैदान नव्हे, मीठ

आमच्या घरात लाजेने मान खाली घालण्याचं काम सगळ्यांनी आळीपाळीने केलं. फक्त जिच्यामुळे ते करावं लागलं, त्या आत्याने ते कधी केलं नाही. आधी आजोबांना तिची लाज वाटली, मग वडिलांना थोडी, आईला बरीच. माझी पाळी आली तेव्हा मात्र ती लाज आत्याची नव्हती, आमची होती.

आत्या वैमानिक होती. आज मी हे वाक्य कुठेही ताठ मानेने सांगते, पण मी लहान असताना रत्नागिरीत ते आवाज खाली आणून सांगायचं वाक्य होतं. कॉलेजसाठी मामाकडे मुंबईला पाठवलेली मुलगी बी.ए. होऊन येईल अशी आजोबांची अपेक्षा होती. ती विमान चालवायचं लायसन घेऊन आली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस. डोक्यावर छप्पर नसलेलं, फटफटीसारखा आवाज करणारं विमान घेऊन ती आधी कराचीला गेली आणि मग पार रंगूनला, एकटी. पेपरात फोटो आला. आजोबांनी तो पेपर घरात येऊ दिला नाही. हिचं लग्न कसं जमायचं, हा त्यांचा एकच घोर. ते जमलं नाहीच. पुढे युद्ध सुरू झालं, फ्लाइंग क्लबची विमानं सरकारने घेतली आणि युद्ध संपल्यावर एका बाईच्या हाती विमान द्यायला कुणी तयार होईना. मग तिने मुंबईला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि काही वर्षांनी नोकरी सोडून भावाच्या घरी, म्हणजे आमच्याकडे, राहायला आली.

एस.टी. स्टँडवर "इमानवाल्या बायकडं" म्हटलं की रिक्षा थेट आमच्या दारात येई. आईला ते मुळीच खपत नसे. मला बघायला आलेल्या मंडळींना तिने सांगितलं होतं, "आमच्या वन्सं शिक्षिका होत्या." त्यात खोटं काही नव्हतं.

आत्याच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती. वर तिची सुती लुगडी आणि तळाशी नकाशांच्या गुंडाळ्या. लहानपणी ती मला त्या उलगडून दाखवायची. उघड्या विमानात मोठा कागद पसरला की वाऱ्याने गेलाच, म्हणून तिने मोठ्या नकाशातून आपल्या वाटेपुरत्या वीतभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या होत्या. पट्टीच्या मागे खळ लावून तलम कापड चिकटवलेलं, आणि एकीला एक जोडून लांबच लांब गुंडाळी केलेली. ती मांडीवर ठेवायची, एका हाताने पुढची उलगडायची, मागची गुंडाळत जायची. मधोमध तिने आखलेली रेघ, रेघेवर ठरावीक अंतराने फुल्या, आणि कडेला कॉपिंग पेन्सिलीने केलेल्या नोंदी. ती पेन्सिल जिभेला लावून लिहिलं की जांभळी उमटते, त्यामुळे आत्याची जीभ प्रवासभर जांभळी असायची म्हणे. 'पुलापाशी नदी सोडणे.' 'इथे वारा समुद्राकडे ढकलतो.' आणि पूर्व किनाऱ्यावर एका जागी, तीनदा गिरवलेलं, मागच्या कापडापर्यंत उतरलेलं: 'मैदान नव्हे, मीठ.'

तिथे इंजिन कुरकुरायला लागलं म्हणून ती उतरायला खाली गेली होती. वरून पाहावं तर सपाट, पांढरंशुभ्र मैदान. अगदी जवळ गेल्यावर पाण्याचे चौकोन चमकले. मिठागर होतं. चाकं टेकली असती तर विमान तिथेच उलथलं असतं. तिने कसंबसं ते वर उचललं, पुढे नदीकाठच्या वाळूत उतरवलं आणि पहिलं काम काय केलं, तर ती नोंद.

ते वाक्य आम्हा दोघींत पुढे वर्षानुवर्षं चाललं. एखादं स्थळ मला बघून गेलं की ती स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, "काय गो, मैदान की मीठ?" माझे यजमान मैदानात बसले, म्हणून आमचं लग्न झालं. सासरच्यांना हे अजून ठाऊक नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. त्याच सुमारास आत्याला मुंबईच्या एका संस्थेचं पत्र आलं. लांबच्या पल्ल्याच्या जुन्या उड्डाणांचं प्रदर्शन भरवायचं होतं. तिचा पेपरातला फोटो त्यांना मिळाला होता. पण त्यांच्या एका जुन्या सभासदाचं म्हणणं असं की, रंगूनच्या वेळी बाईंना विमान शिकवणारे शिक्षक सोबत होते, विमान त्यांनीच नेलं, वाटही त्यांनीच काढली. तेव्हा बाईंच्या हातचे नकाशे असतील तर आमचा माणूस येऊन बघेल. शिक्षक कधीच वारले होते. ती एकटी गेली हे सांगणारं त्या गुंडाळ्यांखेरीज काही उरलं नव्हतं. आत्याने जेवताना पत्र मोठ्याने वाचलं आणि त्या दिवशी भात परत मागून घेतला.

आईनेही ते पत्र ऐकलं. तिच्या लेखी नकाशा म्हणजे आत्याच्या खोलीत खुंटीला टांगलेला, वर-खाली दांड्या असलेला शाळेतला भारताचा नकाशा. पाहुणा येणार म्हणून तिने तो ओल्या फडक्याने पुसून ठेवला. इतकी वर्षं एका घरात राहून आईने ट्रंकेत कधी डोकावलं नव्हतं. आत्याने बोलावलं नव्हतं असं नाही. आईला बघायचंच नव्हतं.

मला मुलगी झाली. बाळाला पहिल्यांदा मऊ, जुनं, सुती कापड लागतं, आणि तोवर आमच्याकडे सगळ्यांच्या अंगावर नायलॉन आलं होतं. आईच्या कपाटात सुती लुगडं औषधालाही नव्हतं. आत्या हौसेने म्हणाली, "वहिनी, माझी सगळी सुतीच आहेत. ट्रंक उघडी आहे. हवं ते घ्या." आणि मी दवाखान्यातून घरी येईपर्यंत आईने लंगोटांची चळत आणि पट्ट्यांना पट्ट्या जोडलेली दोन दुपटी शिवून ठेवली. सायीसारखं कापड. मी तोंडभर कौतुक केलं. त्यावर फिकट करडे डाग होते, ते जांभळाचे असावेत असं आई म्हणाली.

काही दिवसांनी न्हाऊमाखू घातलेलं बाळ दुपट्यात गुंडाळून मी आत्याच्या मांडीवर दिलं. तिने त्याच्याशी काहीतरी गमतीचं बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात बाळाने दुपटं ओलं केलं. आम्ही हसलो. आत्या दुपटं सोडवायला लागली आणि थांबली. ओल्या कापडावर जांभळी फुली उमटत होती. तिच्याशेजारी अक्षरं फुटली, पसरलेली, पण वाचता येण्यासारखी. 'मीठ.'

"हे कापड कुठलं, वहिनी?"

आई अभिमानाने सांगायला लागली. "तुमच्याच ट्रंकेतलं. तळाला चिंध्यांच्या गुंडाळ्या होत्या बघा, कागद डकवलेल्या. रात्रभर भिजत घातल्या, सोडा टाकून उकळल्या. कागदाचा नुसता लगदा झाला, आणि आतून ही अशी मलमल निघाली!"

"लगदा कुठाय?"

"नारळाच्या आळ्यात टाकला." आत्याचा चेहरा पाहून आईचा आवाज बारीक झाला. "तुम्हीच म्हणालात ना, हवं ते घ्या."

मी एव्हाना उठून उभी राहिले होते. आत्या मात्र जागची हलली नाही. रागावलीही नाही. तिने फक्त विचारलं, "वर लुगडी होती. धुवून मऊ झालेली. ती सोडून तळाला हात का घातलात?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. खोटं बोलायची बुद्धी तिला त्या क्षणी झाली असती तर बरं झालं असतं. पण ती खरं बोलली. "वन्सं, बाळाचं पहिलं कापड लेकुरवाळीच्या अंगाला लागलेलं घेतात. नाहीतर मग कुणाच्याच अंगाला न लागलेलं. मुलीची जात... उद्या तिचं..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. आपली नात आत्यासारखी होऊ नये म्हणून आईने आत्याची लुगडी टाळली होती, आणि टाळून जे घेतलं ते हे. मला आईचा राग आला असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मला लाज वाटली, कानशिलं गरम होईपर्यंत. कारण ज्या मुलीचं भलं व्हावं म्हणून हे सगळं झालं, ती माझी होती. आत्याने बाळ माझ्याकडे दिलं, ओलं लुगडं झटकलं आणि ती खोलीत गेली.

पाहुणा ठरल्या दिवशी आला. तरुण, नम्र, हातखंब्याच्या फाट्यापर्यंत एस.टी.ने येऊन पुढे रिक्षाने आलेला. त्याने आधी आत्याला वाकून नमस्कार केला. आईने त्याच्यापुढे पोहे ठेवले.

"नकाशे?" त्याने विचारलं.

"वाळवीने खाल्ले," आत्या म्हणाली.

"एखादा तुकडा तरी उरला असेल, बाई. तुमचं अक्षर असलेला."

माझ्या कडेवर बाळ होतं आणि बाळाभोवती तेच दुपटं. मी दोन पावलं पुढे झाले. आत्याने माझ्याकडे पाहिलं. शाळेत गडबड करणाऱ्या मुलीकडे पाहत असेल तसं. "बाळाला आत ने," ती म्हणाली, "वारं लागेल." तिचा तो आवाज मोडायची माझी छाती झाली नाही. आत जाऊन मी दाराआड उभी राहिले.

"कोकणात वाळवी काही सोडत नाही," ती पाहुण्याला सांगत होती. "काही उरलं नाही."

त्याचा विश्वास बसला नसावा. नकाशे होते यावरही नसावा. "मग आम्हाला 'शिक्षकांसमवेत' असं लिहावं लागेल," तो ओशाळून म्हणाला.

"लिहा," आत्या म्हणाली. "पोहे गार होताहेत."

घरातली गोष्ट तिने घराबाहेर जाऊ दिली नाही. त्या पाहुण्यापुढे आई अडाणी ठरू नये, म्हणून तिने रंगून देऊन टाकलं. आणि आम्ही ते घेतलं. वडील तर रिक्षा बोलवायला आधीच बाहेर गेले होते.

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून आई आत्याच्या दाराशी गेली. मी मागे उभी होते. आत्या ट्रंकेपुढे बसून लुगड्यांच्या घड्या घालत होती. आईचे डोळे सुजलेले होते. "वन्सं," ती म्हणाली, "तुमच्या अंगावरचं एक लुगडं द्या ना. बाळाला दुपटं शिवते."

आत्याने वर न बघता हातातली घडी पुरी केली, ती इतर घड्यांवर ठेवली.

"नको, वहिनी. तिला कापडं पुरेशी झालीत."

मग तिने ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्याला कुलूप घातलं. त्या ट्रंकेला कुलूप होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.