आग्या माश्या, नग तीन

नाव बुध्या वल्द जान्या. राहणार नवापूरकडच्या डोंगरातला शेवटचा पाडा, जिल्हा पश्चिम खानदेश. उंची साधारण, डाव्या कानाची पाळी फाटलेली, डोळे अधू. धंदा परवान्याने मध काढणे. चालचलन संशयास्पद: भरदिवसा झुडपासमोर काहीही न करता उभा आढळतो.

हे १९३४ सालच्या परवान्यावरचं वर्णन. बुध्या उन्हाकडे तोंड करून माशीचा माग काढायचा, म्हणून सदा डोळे बारीक केलेले. त्यावरून 'अधू' ही भर कारकुनाने घातली. चालचलनाचा मजकूर जंगल खात्याचा गार्ड करणसिंग याचा.

सापडलेलं प्रत्येक पोळं जंगल खात्याच्या नाक्यावर कळवायचं, नाहीतर परवाना रद्द, असा नियम होता. बुध्याच्या घरात दुसरा धंदा कुणाला येत नव्हता. त्याच्या कुडाला लागून घाणेरी माजली होती आणि तिच्यावर रोज सकाळी मोठाले, हिरवट अंगाचे, काचेसारख्या पंखांचे जीव घूं घूं करत यायचे. आग्या माश्या रोज येतात म्हणजे पोळं जवळ आहे, आणि बुध्या गप्प आहे म्हणजे ते मोठं आहे, असं करणसिंगने ताडलं. या माश्याच नव्हेत, असं बुध्या म्हणाला तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

दोन दिवस त्याने त्यांचा पाठलाग केला. मध घेतलेली माशी सरळ घर गाठते. हे जीव एकदा ओढ्याकडे गेले, एकदा काटेरी बोराटीत. बोराटीत करणसिंगही गेला. माश्या फितवलेल्या आहेत, असं त्याने बुध्याच्या बायकोला, कालीबाईला ऐकवलं. मग त्यांचाही अंगठा घेऊन ठेवा, असं ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्याने फेट्यात तीन जीव धरले. एकही चावला नाही. यातही बुध्याचाच हात असणार. काड्यापेटीत घालून, 'आग्या माश्या, नग तीन' असा अहवाल जोडून, त्याने मुद्देमाल बुध्यासकट रेंजरसाहेबांपुढे नेला.

साहेबांनी परवाना वाचला. अधू डोळ्यांच्या माणसाने केलेली ओळख कशी ग्राह्य धरायची, अशी त्यांना रास्त शंका आली. बुध्याने पेटी मागितली. बाभळीच्या काट्याने मेलेल्या जीवाच्या तोंडाखालची गुंडाळी सोडवली. घड्याळाच्या कमानीसारखी ती उलगडत गेली, जवळजवळ अंगाएवढी.

नाक्यावर बोलायच्या अहिराणीत तो म्हणाला, "माशी फूलवर बसस, साहेब. हाऊ बसत नई. हाऊ पतंग शे."

जीभ मागाहून चिकटवलेली असू शकते, असं करणसिंगने निदर्शनास आणलं. साहेबांनी ओढून पाहिली. निघाली नाही.

परवाना नवा मिळाला; वर्णन जुन्यावरून जसंच्या तसं उतरवण्यात आलं. परतताना बुध्याने नियमाप्रमाणे एक पोळं कळवलं: नाक्यासमोरच्या सादड्याच्या झाडावर, शेंड्याला. बोट करून दाखवलं.

करणसिंगला ते दिसलं नाही.