डोमाची चहाची वीट

हे १९६० साल आणि मी एकसष्ट वर्षांचा. डोमा माघात गेला. मी भाताच्या बांधीत लाखोरीचे पीक उपटत होतो, तेव्हा सौंदड स्टेशनचा खलाशी सायकल धुऱ्यावर टाकून चालत माझ्याकडे आला. त्याने टोपी काढली तेव्हाच मला समजले. तरी मी हातातली ओळ संपवली आणि मगच उठलो. लोक म्हणाले, सखाराम दगडाचा आहे. असेल. मी तिसरी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण डोमा गेल्यापासून गावात एक गोष्ट सांगतात, की सखारामने मित्रासाठी कलकत्ता गाठले. ती अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी मला स्वतःच्या हाताने लिहायची आहे, म्हणून वर्तमानपत्राच्या या पुरवणीत जागा मागितली.

डोमा माझ्याहून बारा वर्षांनी लहान. लढाईत तो ब्रह्मदेशात फौजेच्या लॉऱ्यांवर होता. तिकडे एका चिनी ड्रायव्हरच्या संगतीत त्याला काळ्या चहाची चटक लागली. आपला चहा नव्हे. ते लोक पाने दमट ठेवून आंबवतात, मग दाबून वीट करतात आणि वर्षानुवर्षे तशीच ठेवतात, जुनी होईल तितकी चांगली. १९४७ साली डोमा परत आला, सौंदडला रेल्वेत पॉइंटमन लागला, आणि सोबत आणलेली वीट संपली तसा हा माणूस कासावीस झाला. कलकत्त्याला चिनी लोकांची वस्ती आहे. गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीवरचा एक गार्ड डोमाच्या ओळखीचा होता, त्याच्यामागे लागून त्याने वीट मागवली. ती आली त्या दिवशी मी तिथेच होतो. डोमाने कोपरा तोडून थंड पाण्यात टाकला, पाणी लगेच लाल झाले. डोमाने वाटी खाली ठेवली. "रंग हाय हा, गार्डसाहेब. चहाले तापल्याशिवाय लाज येत नाही. चिन्यानं तुमाले नुसती वीट देल्ली, तेही कच्ची!" गार्ड बिचारा ओशाळला, पण पुढच्या खेपेला बरी आणली.

मग पारख कशी करायची ते डोमा मला सांगत बसे. वीट हातात जड लागली पाहिजे. सुरीचे टोक खुपसले की पापुद्रे सुटले पाहिजेत, भुगा पडला तर ती झाडून गोळा केलेली. ओल्या गोणपाटाचा वास आला तर ठेवणारा आळशी, आंबट आला तर आंबवणारा घाईचा. पहिले पाणी ओतून द्यायचे. दुसऱ्या पाण्याचा रंग गडद हवा, पण कपाचा तळ दिसला पाहिजे. मला हसू यायचे. गोंदियाचे मिलवाले माल घेण्याआधी मला बोलावतात, मूठभर तांदूळ नाकाशी धरला की त्याने किती पावसाळे पाहिले ते मी सांगतो. डोमा मला तांदुळाचा डॉक्टर म्हणायचा. एकदा त्याने तीन कप माझ्यापुढे ठेवले, यातला जुना सांग म्हणाला. मी कपाला तोंड न लावता, नुसत्या वासावर सांगितला आणि बरोबर निघाला. "नाक ते नाक, मंग तांदूळ असो का तुहा हा चिखल," मी म्हणालो. त्याने थट्टेने माझे पाय धरले. तेव्हापासून गार्डने आणलेली प्रत्येक वीट आधी अख्खीच माझ्या नाकाखालून जायची, मग त्याच्या चुलीवर; फोडायचा तो, मी आत कधी डोकावलो नाही. दहा-बारा वर्षे असेच चालले...

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या गळ्यात गाठ आली. डॉक्टरांनी घरी न्या म्हटले. पौषात पेजही उतरेना. एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाला, "भाऊ, एकदा तो चहा पाहिजे गा. आता तेवढाच उतरन." घरात तुकडा नव्हता, गार्ड रजेवर मुलखात गेलेला. मी म्हणालो, मी जातो. निघताना तो म्हणाला, "भाऊ, फोडून पाहशील तं आत..." मी त्याला पुढे बोलू दिले नाही. "मले शिकवतेस काय बे?" तो हसला आणि त्याने डोळे मिटले.

कलकत्त्यात दोन दिवस फिरलो. चौथ्या दुकानात एक म्हातारा चिनी होता, त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. त्याने विटा मांडल्या, मी डोळे मिटून एकेक नाकाशी धरली. दोन सरकवल्या. तिसरी... धानाची बंद ढोली वर्षांनी उघडावी तसा कोरडा, गोडसर, जुना वास. मी तिच्यावर हात ठेवला तसा म्हातारा मान डोलवत हसला. परतीच्या गाडीत मी ती वीट पोटाशी धरून बसलो होतो.

गोंदियाला सौंदडच्या छोट्या गाडीला वेळ होता. डोमाच्या हाती देण्याआधी खात्री करावी म्हणून मी सुरीने कोपरा उकलला. पापुद्र्यांच्या मधोमध रव्यासारखे पिवळे कण पसरलेले. तांदळात पिवळे दिसले की मी पोते बाजूला काढायला लावतो, दुसऱ्यांदा पाहतसुद्धा नाही. रोग्याला बुरशी कशी पाजायची, असे मी मनाला सांगितले. ते खोटे नव्हते. पण खरी आग वेगळीच होती, की सखारामला चिन्याने फसवले आणि हे आता डोमा पाहणार. त्याला वीट दाखवून विचारायला काय जात होते? पलटफारमाच्या टोकाला इंजिनाची राख टाकतात, तिथे मी ती फेकली.

डोमाला सांगितले, मिळाला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "तुले नाही मिळाला, म्हंजे कलकत्त्यात नसनच गा." आणि भिंतीकडे तोंड केले. आठव्या दिवशी तो गेला.

तेरवीला गार्ड आला. रजेहून परतताना तो कलकत्त्यावरून वीट घेऊन आला होता, डोमा गेल्याचे त्याला गोंदियात उतरल्यावर कळले. मांडवात सगळ्यांसमोर त्याने ती फोडली. "देखो सखाराम भाऊ, कैसा फूल आया है! डोमा भाऊ बोलता था, जिसमें पीला फूल निकला वही असली, बाकी सब घास." मी तुकडा नाकाशी धरला. तेच पिवळे कण, तोच वास. कोणीतरी गार्डला माझ्या कलकत्त्याच्या फेरीचे सांगू लागले, गार्डने माझा हात दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला. मी हात ओढून घेतला नाही. पंगतीला बसलो, जेवलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोमाच्या घरी गेलो. त्याची बायको भागरथा ओसरी सारवत होती. मला पाहून तिने पदर पुढे ओढला. मी अंगणातूनच म्हणालो, "बाई, मले वीट मिळाली होती. मी फेकली."

तिचा हात थांबला. "कायले, भाऊजी?"

"पिवळं दिसलं. सडली समजलो."

"त्यायले विचारलं काऊन नाही? ते तं जागेच होते. तुमी गेले तवापासून वाट पाहून राहिले होते."

मी म्हणालो, "विचारनं मले जमत नाही."

तिने बसा म्हटले नाही, जा म्हटले नाही. शेणाच्या पाण्यात हात बुडवून पुन्हा सारवू लागली, आणि मी ओसरी वाळेपर्यंत अंगणात उभा राहिलो.